धागा: सबवूफर बॉक्ससाठी घरगुती फ्लेअर पोर्ट – पीव्हीसी तापवून, एमडीएफच्या चकत्यांतून, पुट्टीच्या फर्म्यातून

मंद्रसप्तक

१० इंची सबवूफर, निव्वळ ५० लिटरचा बॉक्स आणि ३० हर्ट्झचं ट्यूनिंग असं उदाहरण धरून लिहितो. घरासाठी सब बांधणारे बहुतेक जण याच्याच आसपास असतात. पोर्ट म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याची नळी, ती ज्या वारंवारितेला सर्वांत जोरात काम करते ते ट्यूनिंग, आणि नळीचं बाहेर वळत रुंदावणारं तोंड म्हणजे फ्लेअर. त्याने मोठ्या आवाजाला पोर्टची फसफस कमी होते. इथला पोर्ट ११० मिमीच्या एसडब्ल्यूआर पाईपचा, म्हणजे इमारतीच्या ड्रेनेजला वापरतात तो.

पाईप घेताना प्रकार बघून घ्या. आयएस १३५९२ या भारतीय मानकाप्रमाणे याचे दोन प्रकार येतात. ए प्रकार पावसाच्या पाण्याचा, ११० मिमीत त्याची भिंत २.२ मिमीपासून सुरू होते. बी प्रकार मैल्याच्या लाइनचा, भिंत ३.२ मिमीपासून पुढे. आपल्याला बीच हवा. तोंड पसरवताना प्लास्टिक ताणलं जातं आणि भिंत पातळ होते. ए प्रकारचा पाईप कडेला कागदासारखा होऊन चिरतो. बीचा आतला व्यास साधारण १०३ मिमी भरतो. कॅलिपरने मोजून तोच आकडा हिशेबात घ्या, ११० घेऊ नका. एका टोकाला रबर रिंगची सॉकेट असते, ती कापून टाकायची.

लांबीचं सूत्र (लांबी आणि व्यास सेंटिमीटरमध्ये, ट्यूनिंग हर्ट्झमध्ये):
लांबी = २३५६२.५ × व्यास² ÷ (ट्यूनिंग² × लिटर) − ०.७३२ × व्यास

आपल्या उदाहरणात पहिला भाग ५५.५ येतो, त्यातून ७.५ वजा केले की ४८ सेंमी. ही साध्या, सरळ तोंडाच्या पाईपची लांबी झाली. फ्लेअरमध्ये तोंड रुंदावत जातं, म्हणून फ्लेअरच्या भागाची लांबी हिशेबात निम्मीच धरायची. दोन्ही टोकांना २५ मिमी त्रिज्येचा फ्लेअर असेल तर टोकापासून टोकापर्यंत ५०.५ सेंमी. शिवाय २५ मिमीच्या पाव वर्तुळाची कमान ३९ मिमी लांब असते, म्हणजे प्रत्येक टोकाला १४ मिमी पाईप वळणातच जातो. वरून ट्यूनिंगला कापायला थोडा वाव. सगळं मिळून ५७ सेंमी पाईप घ्या आणि तो मधोमध कापून दोन तुकडे करा. फ्लेअर झाल्यावर पाईप टोकाकडून कापता येत नाही, मधूनच कापावा लागतो. दोन तुकडे पेस्टिंगच्या (सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवायच्या) कपलरने जोडले की आतून टोकाला टोक भिडतं आणि पृष्ठभाग सपाट राहतो.

आता तापलेलं तोंड पसरवायचा ठोकळा. कातारीकडून सागाचा किंवा कुठल्याही घट्ट लाकडाचा कातून घ्यायचा. खालचा ६० मिमी भाग १०२ मिमी व्यासाचा, पाईपमध्ये सैल बसेल असा. तिथून २५ मिमी त्रिज्येची कमान आणि वर १६० मिमीची सपाट चकती. मधोमध १२ मिमीचं आरपार भोक. १२० आणि मग २२० च्या पॉलिशपेपरने घासून मेण लावा. घरातली स्टीलची वाटी किंवा पातेलं उलटं करून दाबणारेही आहेत, पण वाटीची कमान बहिर्वक्र असते. तिच्यावर पाईपचं तोंड नुसतं तिरकं पसरतं, कड बाहेर वळत नाही. आपल्याला वळलेली कडच तर हवी आहे.

पाईपचं टोक अगदी काटकोनात कापा. करवतीचे कंगोरे आतून-बाहेरून कानसेने काढा, मग बारीक पॉलिशपेपर फिरवा. फाटण्याची सुरुवात नेहमी कंगोऱ्यापासून होते. टोकापासून ६० मिमी सोडून पुढच्या पाईपला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर दाब आला की मधला भाग चेंबतो. १८००–२००० वॉटची हीट गन ५–७ सेंमी दूर धरून पाईप सतत फिरवत राहायचं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आकार नीट घेतं ते ११०–१३० अंशांवर. बोटाने नाही, लाकडी काडीने दाबून बघा. कड ओल्या चामड्यासारखी लवली पाहिजे.

ठोकळा हाताने दाबू नका, तो तिरका बसतो. १२ मिमीचा आट्यांचा रॉड ठोकळ्यातून आणि पाईपमधून आरपार घ्या. दुसऱ्या टोकाला जाड प्लायचा चौकोन, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि नट. ओढ सरळ रेषेत राहते आणि नट किती फिरवायचा ते आपल्या हातात असतं. एका दमात पूर्ण ओढू नका. पहिल्या तापवण्यात अर्धी कमान, पुन्हा तापवून उरलेली. १०३ चं तोंड १५३ होतं, म्हणजे कडेला जवळजवळ ४८ टक्के ताण. ३.२ ची भिंत कडेला २.२ च्या घरात येते. शेवटी ओलं फडकं ठेवून पूर्ण गार होईपर्यंत नट सोडायचा नाही. गरम असताना सोडला तर तोंड परत आत येतं.

काम उघड्यावर करा. तपकिरी डाग दिसला किंवा नाकाला झोंबणारा आंबट वास आला की पाईप जळायला लागलाय. १८० अंशांच्या वर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला वाईट. शेतात पाइपलाइन टाकताना पाचट पेटवून पाईपचं टोक तापवतात, ती पद्धत इथे चालणार नाही. ज्योतीने एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते.

नवा_बेसवाला

सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका. बॅफलच्या (बॉक्सच्या पुढच्या फळीच्या) भोकाला राउटरने १२ मिमीचा राउंडओव्हर, म्हणजे कडेची गोलाई, मारला आणि पाईप मागून चिकटवला तर भागणार नाही का? बाजारातल्या बऱ्याच बॉक्सना तेवढंच असतं. आणि आतल्या टोकाला फ्लेअर कशाला, ते तर दिसतही नाही?

ओहमपती

याचं उत्तर हवेच्या हालचालीत आहे, थोडा हिशेब करू.

पोर्टमधली हवा पंख्यासारखी एकाच दिशेने वाहत नाही, ती मागे-पुढे धावते. एका बाजूची धाव किती, तर वेग भागिले (२ × ३.१४ × वारंवारिता). ३० हर्ट्झला शिखरवेग १७ मीटर प्रति सेकंद असेल तर धाव येते ९ सेंमी. म्हणजे दर सेकंदाला ३० वेळा हवेचा दांडा मधल्या जागेपासून ९ सेंमी पुढे आणि ९ सेंमी मागे. या धावेपुढे १२ मिमीची गोलाई अगदी तोकडी. हवा कडेवरून वळू शकत नाही, भिंतीपासून सुटते, भोवरे तयार होतात. आपल्याला ऐकू येणारा फसफस आवाज या भोवऱ्यांचा.

म्हणूनच ट्यूनिंग जितकं खाली तितका फ्लेअर मोठा लागतो. त्याच वेगाला ४० हर्ट्झवर धाव ६.८ सेंमी, २० हर्ट्झवर १३.५ सेंमी. फ्लेअरची त्रिज्या पाईपच्या व्यासावरून ठरवतात ते अर्धंच बरोबर आहे. धावेकडेही बघायला हवं.

आतल्या टोकाचं म्हणाल तर अर्धा वेळ हवा बाहेरून आत जाते आणि आतल्या तोंडातून बाहेर पडते. भोवरे तिथेही तेवढेच होतात आणि आवाज पाईपमधूनच बाहेर येतो. शिवाय एक टोक गोल आणि दुसरं धारदार असलं की दोन दिशांचा अडथळा सारखा राहत नाही. मोठ्या आवाजाला बॉक्समधला सरासरी दाब एका बाजूला सरकतो आणि कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, आपल्या मधल्या जागेवरून ढळतो. फ्लेअर करायचा तर दोन्ही टोकांना, आणि सारखाच.

आता वेगाची मर्यादा. सरळ पाईपला १७ मीटर प्रति सेकंद हा जुना, सावध आकडा आहे, ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्के. चांगल्या फ्लेअरला २५ पर्यंत जाता येतं. मंद्रसप्तक यांच्या उदाहरणात १०३ मिमी पाईपचं क्षेत्रफळ ८३ चौ. सेंमी. मोकळ्या जमिनीवर ठेवलेल्या सबपासून १ मीटरवर ३० हर्ट्झला १०५ डेसिबल हवे असतील तर पोर्टमध्ये वेग १७ च्या जवळ पोचतो. २५ पर्यंत गेलो तर १०८ च्या थोडं वर. म्हणजे फ्लेअरमुळे हाताला लागतात ते साधारण ३ डेसिबल. हे ३ डेसिबल मोलाचे आहेत, कारण ते दुसऱ्या मार्गाने मिळवायचे तर पाईप मोठा घ्यावा लागतो. १६० मिमीचा पाईप, आतून १५२, घेतला तर वेग ८ च्या खाली येतो खरा, पण ट्यूनिंग तेच ठेवायला लांबी ११० सेंमी लागते. ५० लिटरच्या बॉक्समध्ये ती बसवणार कुठे?

उलट बाजूही सांगतो. ७५ मिमी पाईपला कितीही सुंदर फ्लेअर करा, त्याच १०५ डेसिबलला वेग ३७–३८ होतो. तिथे फ्लेअरचं काही चालत नाही. आधी क्षेत्रफळ, मग फ्लेअर.

आणि 'जितका मोठा तितका चांगला' हेही खरं नाही. जेबीएलच्या इंजिनिअरांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पोर्टच्या आकारांची मोजमापं मांडली होती. फार झपाट्याने पसरणाऱ्या तोंडात बाहेर पडणारी हवा भिंत सोडते आणि मोठ्या आवाजाला मध्यम फ्लेअरच सरस ठरतो, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. पाईपचा मधला बराच भाग सरळ राहू द्या.

रंधा

पीव्हीसी तापवण्याची रीत २५ मिमी त्रिज्येपर्यंत उत्तम. त्यापुढे ताण फार होतो. ३० हर्ट्झसाठी ३५–४० मिमी त्रिज्या मला जास्त योग्य वाटते, आणि तिथे लाकूड-पुट्टीचा मार्ग खात्रीचा. वेळ जास्त लागतो, पण माप हवं तसं मिळतं.

३६ मिमी त्रिज्येचं उदाहरण देतो. ६ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीच्या) ६ चकत्या एकावर एक. पाईपकडून बाहेर येताना भोकांचे व्यास अनुक्रमे १०४, १०७, ११३, १२१, १३५ आणि १७५ मिमी. राउटरला वर्तुळ कापायची पट्टी लावली की सहाही भोकं एकाच केंद्रावर येतात. सगळ्या चकत्यांची बाहेरची कड चौकोनी आणि एकाच मापाची, २२० × २२० मिमी ठेवा, कोपऱ्यांत दोन खुंट्यांची भोकं पाडा, म्हणजे चिकटवताना सरकणार नाहीत. फेविकॉल लावून क्लॅम्प, रात्रभर.

आता आत पायऱ्या दिसतात. घासून त्या मोडायच्या नाहीत, भरायच्या. ३ मिमी ॲक्रिलिकवर ३६ मिमी त्रिज्येची कमान आखून फर्मा कापा, कड आरशासारखी घासा. पाईपच्या तोंडात लाकडी बूच घट्ट बसवून त्याच्या केंद्रात १० मिमीचा बोल्ट उभा करा. फर्मा त्या बोल्टभोवती फिरला पाहिजे, न डगमगता. भिंतीला कॉर्निस ओढणारा गवंडी पत्र्याचा साचा ओढत नेतो, तसाच हा गोल फिरवायचा.

पुट्टी गाडीच्या डेंटिंगची, पॉलिएस्टरची. हार्डनर वजनाच्या २ टक्के, फार तर ३. उन्हाळ्यात ती पाच मिनिटांत धरते, म्हणून एका वेळी लिंबाएवढा गोळाच कालवा. त्याआधी एमडीएफच्या कडांना पातळ केलेल्या शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या, नाहीतर एमडीएफ रेझिन पिऊन टाकतं आणि पुट्टी पापुद्र्याने सुटते. पहिला थर जाड भरून फर्मा फिरवा, कडक झाला की दुसरा पातळ थर. सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात ती एनसी पुट्टीने (गाडीच्या रंगकामातल्या बारीक पुट्टीने) बुजवा. १२०, २२०, ३२० असं घासत जा. बोट फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला लागते. पाईप आणि लाकूड जुळतं तिथे १ मिमीची पायरी राहिली तरी मोठ्या आवाजाला ती फुसफुसते. पुट्टी घासताना मास्क हवाच.

आतल्या टोकाला चौकोनी ठोकळा नको, जागा खातो. तिथे चकत्या बाहेरूनही गोल कापा, २०० मिमी व्यासाच्या.

मंद्रसप्तक

रंधा यांच्या पद्धतीत आतलं तोंड बाहेरून २०० मिमी होतं. १० इंची ड्रायव्हरचं, म्हणजे स्पीकरचं, कापीव भोक २३० मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे ते तिथून आत जाईल. ८ इंचीला मात्र जाणार नाही, मग मागची फळी शेवटी बसवायची. हा क्रम बॉक्स चिकटवायच्या आधी ठरवा.

बसवण्याबद्दल वर लिहायचं राहिलं. पीव्हीसीचा बाहेरचा फ्लेअर बॅफलच्या पृष्ठभागाशी सपाट हवा. १८ मिमीच्या बॅफलला १५८ मिमीचं भोक, मागून १८ मिमीचीच एक चकती चिकटवा, तिला १११ मिमीचं भोक. फ्लेअर पुढून खाली बसतो आणि कमानीच्या मागे पोकळी राहते. ती इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून पूर्ण भरा. पातळ झालेली कड त्यामुळे थरथरत नाही आणि उन्हाने तापली तरी आकार सोडत नाही. पाईपसाठीचं सॉल्व्हेंट सिमेंट लाकडाला धरत नाही, ते फक्त कपलरच्या जोडाला. लाकूड-पीव्हीसी जोडाला इपॉक्सीच, आणि पाईपचा गुळगुळीतपणा ८० नंबरच्या पेपरने आधी मोडून.

पोर्टही बॉक्समधली जागा खातो हे विसरू नका. ११० मिमी बाहेरचा व्यास आणि ५० सेंमी लांबी म्हणजे जवळजवळ ५ लिटर. ५० लिटर निव्वळ हवे असतील तर पोर्ट, ड्रायव्हर आणि आतल्या आडव्या पट्ट्या धरून ५७–५८ लिटरचा बॉक्स बांधा.

नवा_बेसवाला

बॉक्सची आतली खोली ४२ सेंमीच आहे. ५० सेंमीचा पाईप बसणार नाही. एल्बो टाकला तर चालेल?

पाईपलाइन

चालतो, पण एसडब्ल्यूआरमध्ये बेंड दोन तऱ्हेचे मिळतात, प्लेन आणि दरवाजावाला. दरवाजावाला चुकूनही घेऊ नका. साफसफाईचं झाकण स्क्रूवर असतं, तिथून हवा गळते आणि झाकण वाजतं. प्लेन बेंडही सॉकेटचा असतो. पाईप पूर्ण आत जाऊन टेकला नाही तर आत खाच राहते. रबर रिंगच्या सॉकेटमध्ये प्लंबर मुद्दाम १० मिमी मोकळं सोडतात, प्रसरणासाठी. आपण ते सोडायचं नाही. शक्यतो पेस्टिंगचा बेंड घ्या.

९० अंशांच्या एका वळणापेक्षा ४५ चे दोन बेंड चांगले, मध्ये ५–६ सेंमी सरळ पाईप ठेवून. वळण आतल्या अर्ध्या भागात आणि तोंडापासून दूर हवं. लांबी मोजायची ती पाईपच्या मध्यरेषेवरून, बाहेरच्या कडेवरून नाही.

आतल्या तोंडासमोर किमान एका व्यासाएवढी, म्हणजे १०–११ सेंमी मोकळी जागा हवी. तुमच्या ४२ सेंमीत त्यामुळे सरळ धाव ३१ सेंमीच. आत फायबरवूल भरत असाल तर तोंडाभोवती एक वीतभर जागा मोकळी ठेवा आणि वूल जाळीने बांधा. सैल पुंजका ओढला गेला की पोर्टमध्ये अडकतो.

कराडचा_करवतवाला

मी हीट गनने २५ मिमी त्रिज्येचे फ्लेअर करतोय. कड दोन ठिकाणी उभी चिरतेय, दर वेळी वेगळ्या जागी. आणि एका तुकड्याला कडेपासून ४ सेंमी आत फुगवटा आला. पाईप बी प्रकारचाच आहे.

मंद्रसप्तक

चिरणं दर वेळी वेगळ्या जागी असेल तर दोष पाईपचा नाही, तापमान असमान आहे. बाहेरून तापवताना आतली बाजू मागे राहते. गन थोडा वेळ पाईपच्या आतून फिरवा. मग अर्धा-पाऊण मिनिट थांबा, उष्णता भिंतीत मुरू द्या आणि मगच ओढा. ठोकळाही गार नको. लाकूड उष्णता कमी ओढतं म्हणून लाकडाचा सांगितला. ॲल्युमिनियमचा असेल तर कड टेकताक्षणी गार होते आणि चिरते.

फुगवट्याचं कारण ओलं फडकं कडेपासून फार लांब आहे किंवा गरम पट्टा जास्त रुंद आहे. ६० मिमीच्या पुढे गरम नको. ठोकळ्याचा खालचा सरळ भाग किती लांब आहे? तो ६० मिमी असेल तर आतून आधार राहतो. ३० मिमी असेल तर मऊ भिंत जाते तिकडे जाते. बाहेरून होज क्लॅम्प लावलात तर फुगवटा येणारच नाही, फक्त त्याच्याखाली पत्र्याची पट्टी ठेवा, नाहीतर क्लॅम्पच्या खाचा उमटतात.

चिरलेली कड सांधत बसू नका. ५ सेंमी कापून पुन्हा सुरुवात करा. ५७ सेंमीच्या वर जास्तीचा पाईप याचसाठी आणून ठेवायचा.

ओहमपती

ट्यूनिंग मोजल्याशिवाय कपलर चिकटवू नये. फ्लेअरची लांबी निम्मी धरणं हा अंदाज आहे, नेमका आकडा मोजणीच देते.

मोबाइलवरचं टोन जनरेटर, ॲम्प्लिफायर, १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ड्रायव्हरच्या टर्मिनलना. क्रॉसओव्हर आणि बास बूस्ट बंद. १५ पासून ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरका. व्होल्टेज एकदा चढेल, उतरेल, पुन्हा चढेल. दोन शिखरांमधल्या दरीचा तळ हे तुमचं ट्यूनिंग. आवाज हलकाच ठेवा, मोठ्या आवाजाला दरी सरकते. मीटर नसेल तर कोनकडे बघा. ट्यूनिंगच्या वारंवारितेला कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टपाशी धरलेला हात सर्वांत जोराची हवा सांगतो. यात एक-दीड हर्ट्झ इकडेतिकडे होतं.

बॉक्स पूर्ण बंद हवा, ड्रायव्हर गॅस्केटसह कसलेला. कपलरचा जोड तात्पुरता बाहेरून टेपने बांधा.

आपल्या उदाहरणात १ सेंमी लांबीला साधारण ०.२७ हर्ट्झ बसतो. मोजणी २९ आली आणि ३० हवं असेल तर ४ सेंमीच्या आत कापावं लागेल. २ कापा, पुन्हा मोजा. घरच्या खोलीत अर्धा हर्ट्झ कोणाच्या कानाला कळत नाही, त्यासाठी पाईप वाया घालवू नका.

आणखी एक. ट्यूनिंगच्या खाली पोर्ट असून नसल्यासारखा असतो, कोन मोकाट धावतो. ३० च्या ट्यूनिंगला २४–२५ हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावा. पोर्टची फसफस म्हणून जी तक्रार येते ती पुष्कळदा या खालच्या हर्ट्झची असते. फिल्टर लावला की निम्मा आवाज तिथेच मिटतो.

धारवाडी_थाप

थ्रीडी प्रिंटरवर फ्लेअर छापले तर? गाडीच्या डिकीत ठेवायचा बॉक्स आहे.

रंधा

छापलेला फ्लेअर आकाराला सर्वांत अचूक. पण डिकीसाठी पीएलए हे छपाईचं प्लास्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपास ढिलं पडतं आणि मे महिन्यात बंद गाडी तिथवर तापते. पीईटीजी ठीक, एएसए किंवा एबीएस त्याहून चांगलं. भिंतीला चार-पाच घेर, भराव ३०–४० टक्के. पाईपवर बसायची सॉकेट अशी काढा की पाईपची कड आत पूर्ण टेकेल आणि आतला व्यास जुळेल. थरांच्या रेघा तोंडाजवळ पुट्टी प्रायमरने भरून ३२० ने घासा.

हीट गनने केलेल्या पीव्हीसीलाही हीच काळजी. ताणलेलं पीव्हीसी मूळ आकार लक्षात ठेवतं आणि पुन्हा तापलं की तिकडे ओढ घेतं. कमानीमागची पोकळी इपॉक्सीने भरायला मंद्रसप्तक यांनी सांगितलंय, गाडीत ते टाळूच नका.

फायबरग्लास करणारा कोणी वाचत असेल तर एक धोक्याची गोष्ट: पॉलिएस्टर रेझिनचा कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर.

मंडपवाला

आमच्याकडे डबल १८ चे बॉक्स, पोर्ट गोल नाही, खाली आडवी फट आहे. ४० हर्ट्झचं ट्यूनिंग. फटीला फ्लेअर कसा देता येईल? मिरवणुकीत फुल आवाजाला खूप फसफसतं.

पाईपलाइन

११० मिमीचाच पाईप उभा चिरा, चार सारख्या पट्ट्या करा. प्रत्येक पट्टी म्हणजे ५५ मिमी त्रिज्येचं पाव वर्तुळ. फटीची वरची फळी आत जिथे संपते तिथे एक पट्टी वर वळणारी लावा, मागची पोकळी पुट्टीने किंवा लाकडाच्या तुकड्यांनी ठासून भरा, नाहीतर ती थाळीसारखी वाजेल. बाहेरच्या बाजूला बॅफलची कड तशीच गोल करा. दोन बाजूंच्या उभ्या कडांनाही जमेल तेवढी गोलाई. फटीच्या मध्ये आधाराच्या फळ्या असतील तर त्यांची पुढची-मागची धार अर्धगोल करा, १८ मिमी प्लायला ९ मिमीचा राउंडओव्हर दोन्हीकडून. त्या फळ्यांच्या चौकोनी धारांचा आवाज पुष्कळ असतो आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

ओहमपती

मंडपवाले, त्याआधी फटीचं क्षेत्रफळ मोजा. दोन १८ इंची ड्रायव्हरांचं मिळून कोनचं क्षेत्रफळ २४०० चौ. सेंमीच्या आसपास. फट ३०० चौ. सेंमीची असेल तर ती आठवा हिस्साच झाली, तिथे कडा गोल करून थोडाच फरक पडेल. ५००–६०० ची फट असेल तर पाईपलाइन यांनी सांगितलेलं काम नक्की दिसून येईल. फट मोठी केली तर ती लांबही करावी लागते, नाहीतर ट्यूनिंग वर सरकतं. फट बॉक्सच्या तळाला लागून आहे, म्हणून तिची हवा तळावरून पुढेही भिंतीचा आधार घेत जाते आणि सूत्रापेक्षा ट्यूनिंग थोडं खाली येतं. फेरफारानंतर दरी पुन्हा मोजा.

कराडचा_करवतवाला

गन आतून फिरवली, मुरू दिलं, क्लॅम्प लावला, आता कड अखंड येते आहे. शेवटचं विचारतो: बसवल्यावर ४५–५० हर्ट्झला बारीक 'फुर्र' येतंय, ३० ला नाही. हा पोर्टचा आवाज का?

मंद्रसप्तक

पोर्टमधला वेग ट्यूनिंगजवळ सर्वांत जास्त असतो. पोर्टची फसफस असती तर ३० जवळ जास्त आणि ५० ला कमी आली असती. तुमचं उलटं आहे, म्हणजे बहुधा गळती. टोन ४८ वर स्थिर ठेवा आणि ओला हात बॉक्सच्या सगळ्या जोडांवरून, ड्रायव्हरच्या कडेवरून आणि टर्मिनल कपवरून (वायर जोडायच्या वाटीवरून) फिरवा. टर्मिनल कप पहिला संशयित, त्याच्या खिळांभोवती हवा जाते. मग ड्रायव्हरचा गॅस्केट. तिथे काही सापडलं नाही तर बाहेरच्या फ्लेअरच्या कडेवर बोट दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला तर कमानीमागे इपॉक्सी कुठेतरी पोकळ राहिलंय. मागच्या चकतीतून ३ मिमीचं भोक पाडून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडा आणि बॉक्स तोंडावर पालथा ठेवा, भरेल.